जुबाला निघण्यापूर्वी

चि. सौभाग्यकांक्षिणीस,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण सुदानमधल्या कामासाठी तुझी निवड झाल्याचे कळले. आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. ती तुझ्या सुरक्षिततेपेक्षा तू सोबत नेत असलेल्या समजुतींची जास्त आहे. 'दिन्का आणि नुएर यांचे पिढीजात वैर संपल्याशिवाय हा देश राष्ट्र म्हणून उभा राहणार नाही,' असे तू लिहिले आहेस. हे वाक्य विमानात बसण्यापूर्वीच खोडून टाक.

दिन्का आणि नुएर हे तिथले दोन सर्वांत मोठे, गुरे पाळणारे समाज. त्यांच्यात वैर नाही असे मी म्हणत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ते कुरणांचे, पाण्याचे आणि गुरे पळवण्याचे होते, आणि ते मिटवण्याच्या रीतीही त्याच समाजांनी घडवल्या होत्या. जानेवारी २०११ च्या सार्वमतात ९८.८३ टक्के मते सुदानपासून वेगळे होण्याच्या, स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. त्यात दिन्का होते, नुएर होते, शिल्लुक आणि अझांदेही होते. ९ जुलै २०११ रोजी देश जन्मला आणि अडीच वर्षेही पुरी होण्याआधी, १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला. दिन्का असलेले राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी जुलैत पदावरून दूर केलेले नुएर उपराष्ट्राध्यक्ष रिएक मचार यांचे भांडण मुळात पक्षातल्या सत्तेचे होते. पण पहिल्या काही दिवसांतच राजधानीत नुएर माणसे घराघरांतून वेचून मारली गेली आणि त्याचा सूड बोर, बेंतिऊ, मलाकाल येथे निघाला. हा वणवा इतका झटकन पेटला, कारण १९९१ ची राख निवलेली नव्हती. त्या वर्षी मचार यांचा गट दक्षिणेतल्या बंडाचे नेते जॉन गरांग यांच्यापासून फुटला होता आणि बोर भागात दिन्कांची कत्तल झाली होती. तेव्हा वैराचा इतिहास वाच, पण प्रत्येक प्रकरणात ते या वेळी कोणी उकरून काढले आणि त्यात त्याला काय मिळाले, हे आधी विचार.

कीर आणि मचार यांच्यातला ऑगस्ट २०१५ चा शांतता करार जुलै २०१६ मध्ये जुबातल्याच लढाईत मोडला. सप्टेंबर २०१८ मध्ये तोच नव्याने उभा केला गेला, आणि त्यातली खुर्च्यांची मोजणी तू एकदा स्वतः करून पाहा: एक राष्ट्राध्यक्ष, पाच उपराष्ट्राध्यक्ष, पस्तीस मंत्री आणि ५५० सदस्यांची संसद, तीही आपल्या लोकसभेपेक्षा मोठी. भांडणाऱ्यांना एका छताखाली आणायचे तर प्रत्येकाला जागा द्यावी लागते, हे मला कळते. पण बंदुकीच्या जोरावर जागा मिळते हे एकदा दिसले, की जागा न मिळालेला प्रत्येक सेनानी पुढच्या कराराची वाट पाहत बंदूक जवळ ठेवतो. उलट सगळ्या फौजा एका सैन्यात आणणे, आफ्रिकी संघाच्या साहाय्याने युद्धगुन्ह्यांसाठी देशी-परदेशी न्यायाधीशांचे मिश्र न्यायालय स्थापणे, ही ज्यांतून राष्ट्र घडले असते ती कलमे रेंगाळत राहिली. एकत्रित सैन्याची पहिली तुकडी ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेर पडली. न्यायालय मात्र कागदावरच आहे. निवडणूक पुन्हा पुन्हा लांबवून डिसेंबर २०२६ वर नेली गेली. मार्च २०२५ मध्ये नासिर येथील सरकारी लष्करी तळ नुएर तरुणांच्या सशस्त्र टोळ्यांच्या हाती पडल्यावर मचार यांना नजरकैदेत ठेवले आणि सप्टेंबरात त्यांच्यावर खून व देशद्रोहाचे आरोप ठेवले गेले.

तेलाचे थोडक्यात सांगतो. सरकारचे जवळजवळ सारे उत्पन्न तेलाचे आणि ते बंदरापर्यंत नेणारी वाहिनी सुदानमधून जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये युद्धग्रस्त सुदानात ती फुटली, तेव्हा आधीच महिनोन्‌महिने थकलेले शिक्षकांचे आणि सैनिकांचे पगार आणखी रखडले. ज्याला पगार नाही तो सैनिक ज्याच्या घरी भाकर आहे त्याच्याकडे बंदूक घेऊन जातो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी पोचलीस की शांतता समितीची चौकशी करण्याआधी शेवटचा पगार कधी झाला ते विचारत जा. आपणही या व्यवहाराबाहेरचे नाही. २००३ मध्ये, देश अजून एकच असताना, ओएनजीसी विदेशने तिथल्या तेलप्रकल्पात पंचवीस टक्के हिस्सा घेतला होता. आणि डिसेंबर २०१३ मध्ये अकोबो येथील संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आश्रयाला आलेल्या दिन्का नागरिकांवर जमाव चालून आला, तेव्हा दोन भारतीय शांतिसैनिक मारले गेले. त्यामुळे तिथे कोणी 'इंडियन' म्हणून तुला ओळखले, तर त्यामागे नेमकी कोणती आठवण आहे हे लगेच गृहीत धरू नकोस.

आता माझी चूक सांगतो. वॉरॅप आणि युनिटी राज्यांच्या हद्दीवरच्या एका गावात चिंचेखाली बैठक होती. पळवलेली गुरे आणि चार खून असा विषय होता. मी कार्यक्रमपत्रिका छापून नेली होती आणि तीन तास ठरवले होते. एक दिन्का वृद्ध उठले आणि बैलांच्या रंगांविषयी बोलू लागले: हा पांढरा, हा काळा-पांढरा, अमक्याच्या घरचा, तमक्याच्या घरी गेलेला. वीस मिनिटांनी मी घड्याळाकडे पाहिले आणि त्यांना नम्रपणे थांबवले. ते बसले, काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि दिवसभर पुन्हा बोलले नाहीत. संध्याकाळी दुभाष्याने मला समजावले की वडिलांच्या काळी खुनाच्या भरपाईत कोणती जनावरे कोणत्या घरी गेली हे ते सांगत होते. म्हणजे आजची भरपाई ठरवण्याचा निवाडा त्यांनी उलगडायला घेतला होता आणि मी न्यायालयाचे दप्तरच मिटले होते. पुढची बैठक घ्यायला आम्हाला पाच महिने लागले.

वुनलितची परिषद नीट अभ्यास. फेब्रुवारी-मार्च १९९९ मध्ये चर्च परिषदेच्या पुढाकाराने नाईलच्या पश्चिमेकडचे दिन्का आणि नुएर मुखिया तिथे जमले. त्याआधी ते एकमेकांच्या मुलखात जाऊन आले होते, आणि हे जाणे-येणेच मला परिषदेइतके महत्त्वाचे वाटते. माबिओर म्हणजे पांढरा बैल बळी देऊन सुरुवात झाली. मग दिवसचे दिवस प्रत्येक बाजूने आपली गाऱ्हाणी समोरच्याला ऐकवली. करार टिकला, कारण तो करणाऱ्यांना उद्या त्याच पाणवठ्यावर भेटायचे होते. अशा समेटांना मी मात्र देवत्व देत नाही. वरून कोणी बंदुका आणि पैसे पाठवले की ते मोडतात, आणि स्त्रिया तिथे पुष्कळदा कडेलाच बसतात. वधूमूल्यही गुरांतच मोजले जात असल्यामुळे गुरे पळवण्याचा प्रश्न मुलींच्या लग्नाशी जोडलेला असतो, तरी भरपाई ठरते तेव्हा त्या मुलींना कोणी विचारत नाही. तू विचार.

आशा आहे का, असे तू विचारले होतेस. जुबातल्या घोषणांवर मी ती बांधत नाही. पाणवठ्यावरचा समेट जिल्हा न्यायालयाने नोंदवून घेतला, आयुक्ताने पाळला आणि रस्त्यावरच्या सैनिकाला पगार मिळाला, असे एखाद्या जिल्ह्यात सलग दोन उन्हाळे घडले, तर माझी आशा बळावेल. तुझे काम या तिन्ही ठिकाणांच्या मधल्या वाटेवर असू दे, जुबातल्या परिसंवादांत कमी. जुबा अरबी पहिल्याच महिन्यात शिकायला लाग. कार्यालयात इंग्रजी चालते, बाजारात नाही. गमबूट इथूनच ने, पावसाळ्यात तिथली काळी चिकणमाती बूट ओढून घेते.

पहिल्या बैठकीनंतर मला सविस्तर लिही: कोण कोणाशेजारी बसले, गुरांचे आकडे कोणी बोलून दाखवले, आणि ते ऐकण्याआधीच कोण उठून गेले.

तुझा,
सर