नवीन मशीनवर हलवल्यापासून मेल सर्व्हर सगळेच मेल नाकारतोय. ब्लॅकलिस्ट काढली की स्पॅमचा लोंढा. काय करावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. कंपनीचा पोस्टफिक्स या प्रोग्रामवर चालणारा मेल सर्व्हर तुम्ही जुन्या मशीनवरून क्लाउडवरच्या नव्या मशीनवर नेला आणि सेटिंगच्या फाइली जशाच्या तशा उचलून आणल्या. तेव्हापासून बाहेरचा एकही मेल आत येत नाही. पाठवणाऱ्याला 554 चा नकार जातो आणि त्यात 'ब्लॉक्ड यूझिंग झेन.स्पॅमहॉस.ओआरजी, एरर: ओपन रिझॉल्व्हर' असं लिहिलेलं असतं (स्पॅमहॉस ही स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या चालवणारी संस्था, झेन ही तिची यादी). ती ब्लॅकलिस्टची ओळ काढली की मेल सुरू होतात, पण स्पॅमने इनबॉक्स भरतात. शिवाय तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात.

कारण शोधण्याआधी एक काम आत्ता लगेच करा. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'सॉफ्ट_बाऊन्स = येस' अशी ओळ टाका आणि पोस्टफिक्स रीलोड करा. (नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करा.) एसएमटीपीमध्ये, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देताना जी भाषा बोलतात तिच्यात, 5 ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार: पाठवणाऱ्याचा सर्व्हर तिथेच प्रयत्न सोडून मेल परत पाठवतो. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. या एका ओळीने तुमच्या सर्व्हरचे सगळे कायमचे नकार तात्पुरते होतात आणि समोरचा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात 5 दिवसांची असते, इतर बहुतेक सर्व्हरही काही दिवस थांबतात. म्हणजे दुरुस्तीला तुम्हाला वेळ मिळाला आणि तोवर कुणाचं कोटेशन, कुणाची पर्चेस ऑर्डर हरवणार नाही. काम झालं की ही ओळ आठवणीने काढा, नाहीतर बाहेर जाणारे चुकीच्या पत्त्यांचे मेलही तुमच्याच रांगेत दिवसेंदिवस पडून राहतील.

आता मूळ दुखणं. उत्तर त्या नकाराच्या ओळीतच आहे: 'ओपन रिझॉल्व्हर'. पाठवणाऱ्याचा पत्ता काळ्या यादीत आहे असं ती ओळ म्हणतच नाही. यादीवाले तुम्हाला सांगतायत की तुम्ही चुकीच्या दाराने विचारताय.

ही यादी चालते कशी ते पाहा. 192.0.2.10 या पत्त्यावरून जोडणी आली, की पोस्टफिक्स आकडे उलटे करून 10.2.0.192 च्या पुढे झेन.स्पॅमहॉस.ओआरजी जोडतो आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, विचारतो, 'या नावाचा पत्ता काय?' यादीत नसेल तर 'असं नावच नाही' हे उत्तर येतं. यादीत असेल तर 127.0.0 ने सुरू होणारा पत्ता येतो आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. 2 म्हणजे स्पॅमर म्हणून नोंद, 4 म्हणजे व्हायरस लागलेलं किंवा कुणीतरी ताब्यात घेतलेलं मशीन, 10 किंवा 11 म्हणजे घरगुती ब्रॉडबँडसारखा पत्ता, जिथून थेट मेल यायलाच नको.

पण त्याच पद्धतीने यादी आणखी एक गोष्ट कळवते. प्रश्न 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीने डीएनएसला विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) आला तर ती 127.255.255.254 हे उत्तर देते. चौकशा फार झाल्या तर शेवटी 255, यादीचं नाव चुकीचं टाइप केलं असेल तर 252. सार्वजनिक रिझॉल्व्हरमागून जगभरातल्या लाखो लोकांच्या चौकशा एकाच पत्त्यावरून येतात, त्यामुळे कोण किती वापरतंय हे यादीवाल्यांना कळत नाही, म्हणून ते हा रस्ता बंद ठेवतात. आणि पोस्टफिक्सला निव्वळ यादीचं नाव दिलेलं असेल तर तो कुठलंही उत्तर 'होय, यादीत आहे' असंच धरतो. म्हणून तुमच्या सर्व्हरला अख्खं जग स्पॅमर दिसतंय. जुन्या मशीनवर स्वतःचा रिझॉल्व्हर असणार, नव्यावर क्लाउडवाल्याने किंवा तुम्हीच 8.8.8.8 टाकला असणार. फाइली जशाच्या तशा आल्या, पण डीएनएसची सोय फाइलींबरोबर येत नाही.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या 'डिग' कमांडने आधी 2.0.0.127 आणि पुढे झेनचं नाव असं विचारा. ही चाचणीसाठी कायम ठेवलेली नोंद आहे, तिला 127.0.0.2 वगैरे उत्तरं यायला हवीत. मग 1.0.0.127 विचारा. ही नोंद कुठल्याही शहाण्या यादीत कधीच नसते, त्यामुळे 'नाव नाही' हेच उत्तर बरोबर. तुमच्याकडे दोन्हींना 127.255.255.254 येत असेल तर निदान पक्कं.

उपाय दोन आणि दोन्ही करा. पहिला, सर्व्हरवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवा, तो 127.0.0.1 वर ऐकू द्या आणि मशीनच्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये तोच पत्ता ठेवा. अनबाउंडमध्ये फॉरवर्डर म्हणून, म्हणजे प्रश्न पुढे ढकलायचा सर्व्हर म्हणून, पुन्हा 8.8.8.8 देऊ नका. तसं केलं तर प्रश्न त्याच बंद रस्त्याने जाईल, फक्त एक वळण जास्त घेऊन. डेबियन किंवा उबुंटू असेल तर आणखी एक खाच सांगतो, कारण तिथे मी स्वतः अर्धी रात्र घालवली आहे. पोस्टफिक्सचे भाग अनेकदा कोंडलेल्या फोल्डरमध्ये चालतात आणि रिझॉल्व्ह.कॉन्फची वेगळी प्रत वापरतात. ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना घेतली जाते. त्यामुळे डिग बरोबर उत्तर देतं आणि पोस्टफिक्स मात्र जुन्याच रिझॉल्व्हरला विचारत बसतो. रीलोड पुरत नाही, पूर्ण रीस्टार्ट करा.

दुसरा, यादीच्या नावापुढे कुठली उत्तरं 'होय' धरायची ते लिहा: झेन.स्पॅमहॉस.ओआरजी=127.0.0.[2..11]. मग उद्या रिझॉल्व्हर पुन्हा बिघडला तरी 127.255 ची उत्तरं दुर्लक्षित होतील. स्पॅम थोडा वाढेल, पण चांगला मेल अडणार नाही. तुमची व्यावसायिक कंपनी आहे, तेव्हा स्पॅमहॉसकडे नोंदणी करून स्वतंत्र की, म्हणजे ओळखीचा कोड, घेणं योग्य.

त्याच बैठकीत जुन्या फाइलीतली बाकीची यादीनावंही तपासा. दहा वर्षांपूर्वीचा कॉन्फिग हातोहात फिरतो आणि त्यात मेलेल्या याद्या असतात. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर 2006 मध्ये बंद झाली. तरी लोक तिला विचारत राहिले, म्हणून मार्च 2008 मध्ये तिने प्रत्येक चौकशीला 'होय' म्हणायला सुरुवात केली आणि कित्येक सर्व्हर एका दिवसात बहिरे झाले. सॉर्ब्स जून 2024 मध्ये बंद झाली. जिवंत आहे याची खात्री नाही ती यादी ठेवू नका.

आता स्पॅमकडे वळू. इथे माझं मत ठाम आहे आणि त्याला कारण आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर मी बघायचो. स्पॅमचा त्रास फार म्हणून मी ठरावीक गुणांच्या (मेल किती स्पॅमसारखा वाटतो त्याचे फिल्टर देतो ते गुण) वरचा मेल गुपचूप टाकून देण्याची सेटिंग केली. पाठवणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. महिन्याभराने ग्राहकाच्या सुधारित ड्रॉइंगचा मेल त्यात गेला. ग्राहकाला वाटलं, मेल पोचला. इकडे जुन्या ड्रॉइंगप्रमाणे कास्टिंग ओतलं गेलं आणि तो सगळा माल पुन्हा भट्टीत गेला. लॉगमध्ये तो मेल मला सापडला, गुण फक्त थोडे जास्त होते. त्या दिवसापासून मी कुठल्याही सर्व्हरवर मेल गुपचूप टाकू देत नाही. नाकारायचं तर जोडणी चालू असताना दारातच नाकारा, म्हणजे पाठवणाऱ्याच्या हातात नकार पडतो आणि माणूस असेल तर तो फोन उचलतो. आत घेऊन मग 'नको' म्हणत परत पाठवणंही वाईट, कारण स्पॅमवरचा प्रेषकाचा पत्ता बहुधा चोरलेला असतो आणि तुमचा नकार कुण्या तिऱ्हाइताच्या माथी बसतो. संशयित मेल स्पॅम फोल्डरमध्ये टाका आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला तो फोल्डर आठवड्यातून दोनदा बघायला शिकवा.

दाराशी पहिला पहारेकरी म्हणून पोस्टस्क्रीन लावा. पोस्टफिक्स 2.8 पासून तो सोबतच येतो. तो नव्या पाहुण्याला नमस्कार पूर्ण करायला मुद्दाम 6 सेकंद घेतो. नीट सर्व्हर शांत उभा राहतो, स्पॅम फेकणारी मशीन घाईत आधीच बोलायला लागतात आणि तिथेच पकडली जातात. दुसरा फायदा याहून मोठा: पोस्टस्क्रीनमध्ये प्रत्येक यादीला वजन देता येतं. एका यादीच्या शब्दावर कुणाला बाहेर काढण्यापेक्षा दोन-तीन याद्यांचं एकमत झालं तरच नकार, असं ठेवा. तुमच्यावर आलेली वेळ तेव्हा आलीच नसती.

ग्रेलिस्टिंग म्हणजे पहिल्या वेळी 'नंतर या' सांगणं. ते स्पॅमवर चालतं, पण तुमच्या अकाउंट्सवाल्यांना मेलवर ओटीपी येत असतील तर तो दहा मिनिटं उशिरा, म्हणजे मुदत संपल्यावर पोचतो. मी हल्ली ते सर्रास लावत नाही, फक्त संशयित गुणांच्या मेलपुरतं ठेवतो. आरस्पॅमडी हा स्पॅम गाळणारा प्रोग्राम हे काम तसंच करतो.

मजकूर तपासायला स्पॅमअसॅसिन असेल तर उंबरठा मुळात 5 गुणांचा असतो. तो घाईने 3 वर आणू नका. त्याचा शिकणारा भाग, म्हणजे बेझ, किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकवल्याशिवाय मतच देत नाही. बहुतेक ठिकाणी लोक फक्त स्पॅम शिकवतात आणि 'हे काही शिकत नाही' म्हणतात. चांगले मेलही शिकवा आणि त्यात मराठी मेल असू द्या: कामगारांचे रजेचे अर्ज, ग्रामपंचायतीची पत्रं, पतसंस्थेचे मेल. भाषा ओळखणारा टेक्स्टकॅट प्लगइन कुणी चालू करून मान्य भाषांत फक्त इंग्रजी ठेवली असेल तर मराठी मेलला 'नको असलेली भाषा' म्हणून गुण चढतात. मान्य भाषांच्या ओळीत एमआर (मराठी) आणि एचआय (हिंदी) घाला. आपल्याच भाषेतलं पत्र आपल्याच सर्व्हरने कचऱ्यात टाकावं, हे मला सहन होत नाही. आणि स्पॅमअसॅसिनच्या अहवालात 'यूआरआयबीएल_ब्लॉक्ड' असा शब्द दिसला तर ते वरचंच डीएनएसचं दुखणं आहे, अनबाउंडने तेही बरं होईल.

नवा नियम लावताना त्याच्या आधी 'वॉर्न_इफ_रिजेक्ट' लिहा. मग पोस्टफिक्स नाकारत नाही, फक्त 'नाकारला असता' अशी लॉगमध्ये नोंद करतो. आठवडाभर त्या नोंदी वाचा. त्यात एखादा ग्राहक दिसला तर नियम चुकीचा आहे.

बाहेर जाणाऱ्या मेलचं थोडक्यात. नव्या मशीनचा आयपी पत्ता बदलला, पण एसपीएफच्या नोंदीत (तुमच्या नावाचे मेल कुठल्या पत्त्यांवरून येऊ शकतात ते सांगणारी डीएनएस नोंद) जुनाच राहिला असेल, आधी तो बदला. एसपीएफची नोंद एकच हवी, दोन असल्या तर दोन्ही बाद. आणि तिच्यातल्या डीएनएस चौकशा 10 च्या वर जाता कामा नयेत. क्लाउडवाल्याकडून आयपीची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, तुमच्या सर्व्हरच्या नावाची करून घ्या. डीकेआयएमची, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलवरच्या डिजिटल सहीची, खाजगी की नव्या मशीनवर आली का आणि ती वाचायची परवानगी सही करणाऱ्या प्रोग्रामला आहे का, ते पाहा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि पीटीआर सगळ्याच प्रेषकांना बंधनकारक केलंय, दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना डीमार्कही (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). डीमार्क एकदम 'रिजेक्ट' वर नेऊ नका, आधी 'नन' (काहीच करू नका) ठेवून अहवाल वाचा.

एवढं करूनही तुमचा पत्ता यादीत जात असेल तर 'पोस्टक्यू -पी' ने रांग बघा. अनोळखी पत्त्यांचे शेकडो मेल अडकलेले दिसले तर लॉगमध्ये 'एसएएसएल_यूजरनेम' (कुठल्या खात्याने लॉगिन करून मेल पाठवला ते) शोधा आणि कुठलं नाव सर्वांत जास्त वेळा येतं ते मोजा. बहुतेक वेळा कुणाचा तरी सोपा पासवर्ड फुटलेला असतो. तो पासवर्ड बदला आणि मगच रांग साफ करा, उलट क्रमाने केलं तर रांग पुन्हा भरते.

अनबाउंड बसवून पोस्टफिक्स रीस्टार्ट केल्यावरही नकार आले तर तीन गोष्टी इथेच खाली टाका: 1.0.0.127 च्या चौकशीचं उत्तर, 'पोस्टकॉन्फ -एन' चा निकाल आणि लॉगमधली नकाराची एक पूर्ण ओळ. ग्राहकांचे पत्ते आणि पासवर्ड झाकून टाका. तोवर सॉफ्ट बाऊन्स चालूच ठेवा.