कॉयर (पाश्चात्त्य समूहगायन) ऐकायला सुरुवात करताना

सुरुवातीला मोत्झार्टची १७९१ सालची, अवघ्या ४६ बारची (बार म्हणजे ठोक्यांचा एक छोटा, ठरावीक गट) ‘आवे वेरुम कॉर्पुस’ ही एकच लॅटिन समूहगीताची रचना घ्या आणि काही दिवस तिच्यापाशीच थांबा. कान नक्की सरावेल.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे लय मोजायचे काम मोबाइलच्या ॲपवर सोपवणे. सलग वाहणाऱ्या समूहस्वरात ठळक ठोका नसल्याने ॲप कधी मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा दुप्पट आकडाही दाखवते, म्हणून एका बारमध्ये दोनच ठोके हाताने मोजा आणि गायक श्वास कुठे घेतात याकडे लक्ष द्या.

रचनेची पट्टी डी मेजर आहे, म्हणजे ‘डी’ हा तिचा सा आणि ‘मेजर’ ही आपल्या बिलावल थाटासारखी स्वरांची मांडणी. मात्र जुन्या धाटणीच्या वाद्यांसह केलेल्या काही ध्वनिमुद्रणांत स्वर खाली लावलेले असतात, त्यामुळे ते तुमच्या पेटीशी जुळले नाहीत तरी गोंधळू नका.

मेजर म्हणजे आनंद, हे समीकरण आजच सोडा. ख्रिस्ताच्या विद्ध कुशीविषयीच्या ‘कुयुस लातुस’ या ओळीवर संगीत एफ मेजरकडे वळते आणि, तीही मेजरच असूनही, उजेड एकदम मंदावल्यासारखा वाटतो. तिथे डोळे मिटून फक्त खालचे बास आवाज ऐका, पुन्हा पुन्हा ऐका. कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) नावे तूर्तास बाजूला ठेवा.