सरकार लोकांची मतं मागवतं, त्यावर इतका खर्च का होतो आणि ती मागणी खरंच किती जणांपर्यंत पोहोचते?

तुम्ही विचारलंय की एखाद्या धोरणावर किंवा कायद्याच्या मसुद्यावर सरकार जनतेची मतं मागवतं तेव्हा पैसे नेमके कशावर जातात, ते आवाहन किती लोकांपर्यंत पोहोचतं, आणि आपण तो फॉर्म भरण्यात काही अर्थ असतो का. मी अशा कामांमध्ये उत्तरं गोळा झाल्यानंतरच्या टप्प्यावर काम केलेलं आहे. आलेला ढीग वाचायचा, त्याची वर्गवारी लावायची, एकाच माणसाची दोनदोनदा आलेली उत्तरं बाजूला काढायची, असं ते काम. त्यामुळे मला या सगळ्याची मागची बाजूच जास्त दिसलेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ऑनलाइन फॉर्मला असा काय खर्च येणार, असं सगळ्यांना वाटतं. फॉर्मला खरंच फारसा येत नाही. पैसे जातात ते त्याच्या आधी, म्हणजे लोकांना कळवण्यावर, आणि त्याच्या नंतर, म्हणजे लोकांनी लिहिलेलं वाचण्यावर. कळवण्याचा खर्च सगळ्यांना दिसतो, त्यावर बातम्या होतात. वाचण्याचा खर्च कुणाला दिसत नाही आणि म्हणूनच कात्री लागते ती त्यालाच.

कळवण्यावर मनापासून खर्च केला तर काय होतं, याचं स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यावा का, हा एकच प्रश्न 2017 साली तिथल्या सरकारने टपालाने विचारला. मतदारयादीतल्या सुमारे 1 कोटी 60 लाख लोकांना घरपोच कागद आणि परतीचं पाकीट गेलं. तरतूद होती 12.2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची, प्रत्यक्षात खर्च झाले 8.05 कोटी. उत्तर देणं ऐच्छिक होतं, तरी 79.5 टक्के लोकांनी, म्हणजे 1 कोटी 27 लाखांहून जास्त जणांनी, पाकीट परत पाठवलं. 61.6 टक्के ‘हो’ म्हणाले आणि त्याच डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. भागाकार केला तर एका उत्तरामागे साधारण सव्वासहा डॉलर पडले. हा आकडा महाग की स्वस्त, हे ठरवण्याआधी लक्षात घ्या की प्रश्न एकच होता, उत्तर हो किंवा नाही एवढंच होतं, आणि वाचायला काहीच नव्हतं. यंत्राने मोजून मोकळं व्हायचं. जवळजवळ सगळे पैसे छपाई, टपाल, जाहिरात, हेल्पलाइन आणि मोजणी यांत गेले.

आणि घरोघर कागद पाठवूनसुद्धा पोहोच सगळीकडे सारखी नव्हती. देशभरात 79.5 टक्के असलेला सहभाग नॉर्दर्न टेरिटरीत 58.4 टक्के होता. तो विरळ वस्तीचा, लांबच लांब अंतरांचा भाग, आदिवासी लोकसंख्येचं प्रमाणही तिथे मोठं. टपालाचा पत्ता पक्का नसणं, इंग्रजी ही घरातली भाषा नसणं, अशा गोष्टी सरासरीच्या आकड्याखाली दडून जातात. सर्वेक्षणाच्या धंद्यात शेवटच्या दहा-वीस टक्के लोकांपर्यंत पोहोचायला पहिल्या ऐंशी टक्क्यांपेक्षा माणशी कितीतरी जास्त पैसे लागतात, आणि बजेट संपतं ते नेमकं तिथेच.

याच्या उलट कॅनडाचं पाहा. 2016 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारने निवडणूक पद्धत बदलण्याच्या विषयावर एक ऑनलाइन प्रश्नावली काढली आणि तिची माहिती देणारं पोस्टकार्ड देशातल्या घराघरांत पाठवलं. घरं साधारण 1 कोटी 40 लाख. भाग घेतला 3 लाख 60 हजारांच्या आसपास लोकांनी. कळवलं जवळपास सगळ्यांना, पण बोलले ते दर शंभर घरांमागे दोन-तीन जण. प्रश्नही असे गोलमोल होते की ‘तुम्हाला कोणती पद्धत हवी’ हे थेट कुठेच विचारलेलं नव्हतं, त्यावर भरपूर टीका झाली. शेवटी 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने तो बदलच सोडून दिला. पोस्टकार्डाने घर गाठता येतं, पण हातात कार्ड घेतलेल्या माणसाला उत्तर द्यावंसं वाटेल की नाही, हे प्रश्नावर ठरतं. ऑस्ट्रेलियात लोकांना ठाऊक होतं की या उत्तरावर काहीतरी ठरणार आहे.

म्हणून ‘पोहोच’ हा शब्द कुणी वापरला की मी विचारतो, कोणती? किती जणांना कळलं, किती जणांनी उत्तर दिलं, आणि ज्यांनी दिलं ते बाकीच्यांसारखे आहेत का, हे तीन अगदी वेगळे आकडे आहेत. पैसे टाकून पहिला वाढवता येतो, दुसरा थोडाफार. तिसऱ्यासाठी पद्धतच बदलावी लागते. प्रसिद्धीपत्रकात मात्र या तिघांतला सगळ्यांत मोठा आकडा येतो.

आपल्याकडचं एक ताजं उदाहरण. ‘एक देश, एक निवडणूक’ या विषयावरच्या रामनाथ कोविंद समितीने जानेवारी 2024 मध्ये जनतेकडून सूचना मागवल्या. आल्या 21,558, त्यांपैकी सुमारे 80 टक्के बाजूने. त्याच वर्षी देशात मतदार होते 96 कोटींहून जास्त. म्हणजे साधारण 45 हजार मतदारांमागे एक पत्र. 80 टक्के हा आकडा खोटा नाही, तो त्या 21,558 पत्रांबद्दल खरा आहे. पण तो देशाचं मत म्हणून सांगितला की गडबड सुरू होते. हे मी विषयाच्या बाजूने किंवा विरोधात म्हणत नाहीये, उद्या 80 टक्के विरोधात आले असते तरी हेच म्हटलं असतं. स्वतःहून लिहिणारे लोक म्हणजे ज्यांना त्या विषयाची चाड आहे, ज्यांना सूचना निघाल्याचं वेळेत कळलं, ज्यांना त्या भाषेत लिहिता येतं आणि ज्यांच्याकडे रिकामा तास आहे, असे लोक. त्यांची टक्केवारी काढणं हा माझ्या मते निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

जनतेचा कौल किती टक्के, हेच जाणून घ्यायचं असेल तर त्यासाठी खुलं आवाहन नको, यादृच्छिक नमुना हवा, म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली माणसं. नीट निवडलेल्या हजार-अकराशे लोकांना विचारलं तर चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे राहते, मग देश दहा लाखांचा असो की शंभर कोटींचा. हे पटायला जड जातं, पण गणित तसंच आहे. अर्थात ‘नीट निवडलेल्या’ या दोन शब्दांतच सगळा खर्च भरलेला आहे. यादी अद्ययावत हवी, निवडलेलं घर बंद असेल तर शेजारच्याला विचारून फॉर्म भरायचा नाही, पुन्हा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. मुलाखतकाराला तिथली भाषा आली पाहिजे. घरातला कर्ता पुरुष ‘मीच सांगतो’ म्हणाला तरी यादीत जिचं नाव आलंय तिच्याशीच बोलायचं. एवढं सगळं धरूनसुद्धा ते देशभर टपाल पाठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मग खुलं आवाहन करायचंच कशाला? कारण मसुद्यातली चूक नमुन्यातून सापडत नाही. कलम अमुकमध्ये दिलेली मुदत प्रत्यक्षात पाळताच येणार नाही, किंवा या व्याख्येत हातगाडीवालाही अडकेल, हे ज्याला रोजच्या कामातून माहीत आहे असा एकच माणूस सांगतो, आणि त्याचं एक पत्र एक लाख ‘मी सहमत आहे’पेक्षा मोलाचं असतं. इथे संख्या बिनकामाची. इथे प्रश्न असा की ते पत्र कुणी वाचलं का?

आता वाचण्याचा हिशेब करून बघू. समजा 1 लाख उत्तरं आली, प्रत्येकात दोन-तीन परिच्छेद. वाचून त्यात कुठल्या कलमाबद्दल काय म्हटलंय याची नोंद करायला दोन मिनिटं धरा. होतात 2 लाख मिनिटं, म्हणजे 3,333 तास. डोकं ठिकाणावर ठेवून दिवसाला सहा तासांच्या वर असं वाचन होत नाही. म्हणजे एका माणसाचे 555 कामाचे दिवस, सुट्ट्या धरल्या तर दोन वर्षांच्या वर. आणि वर्गवारी विश्वासार्ह हवी असेल तर निदान काही भाग दुसऱ्याने स्वतंत्रपणे वाचून ताडून पाहावा लागतो. हे सगळं जिथे महिन्या-दोन महिन्यांत उरकलेलं दिसतं, तिथे एकतर भरपूर माणसं लावलेली असतात, किंवा यंत्राने शब्द मोजलेले असतात, किंवा मग… असो.

फ्रान्समध्ये 2019 च्या सुरुवातीला, इंधनावरच्या करवाढीवरून पेटलेल्या ‘पिवळ्या जाकिटां’च्या आंदोलनानंतर, सरकारने देशव्यापी चर्चा घडवली. खर्च सुमारे 1.2 कोटी युरो. ऑनलाइन 19 लाखांवर मतं, 10 हजारांवर स्थानिक बैठका, आणि 16 हजारांवर गावांच्या नगरपालिकांमध्ये लोकांनी हाताने लिहावं म्हणून ठेवलेल्या वह्या. चर्चा 15 मार्चला संपली, निष्कर्ष 8 एप्रिलला मांडले गेले. तीन आठवडे! अर्थातच सॉफ्टवेअरच्या मदतीने. त्या वह्या मात्र नंतर कित्येक वर्षं सर्वसामान्यांना सहज बघायलाही मिळत नव्हत्या, त्या खुल्या कराव्यात म्हणून 2025 मध्ये तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला ठराव करावा लागला. मला यातली वह्यांची कल्पना फार आवडते. जे लोक कधी ऑनलाइन फॉर्मकडे फिरकले नसते त्यांनी त्या वह्यांत लिहिलं. पोहोच खरी तिथे होती, आणि दुर्लक्षही तिथेच झालं.

खोट्या उत्तरांचा विषय टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2017 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं असे, नियम रद्द करण्याच्या प्रस्तावावर मतं मागवली. आली सुमारे 2 कोटी 20 लाख. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी 2021 मध्ये चौकशीचा अहवाल दिला तेव्हा त्यांतली जवळपास 1 कोटी 80 लाख बनावट निघाली. ब्रॉडबँड कंपन्यांच्या गटाने 42 लाख डॉलर खर्चून सुमारे 85 लाख मतं तयार करवून घेतली होती, आणि विरुद्ध बाजूने एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने 77 लाख पाठवली होती, बनावट नावांनी. म्हणजे कंपन्यांना एक मत पडलं अर्ध्या डॉलरला, आणि त्या पोराला जवळपास फुकटात! ऑस्ट्रेलियात खरं उत्तर सव्वासहा डॉलरचं होतं हे आठवा, चलन वेगळं असलं तरी अंदाज येतो.

यावर उपाय म्हणून ओटीपी किंवा ओळखपत्राचा नंबर मागतात. बनावट उत्तरं कमी होतात हे खरं. पण घरात मोबाइल एकच असेल तर ओटीपी एकच, मत एकच, आणि ते कुणाचं हे सांगायला नको. शिवाय सरकारच्या धोरणावर टीका करायची आणि वर स्वतःचा ओळख क्रमांकही द्यायचा, याला बरेच लोक कचरतात. प्रत्येक कुलुपासोबत काही खरी माणसंही बाहेर राहतात.

भाषेचा खर्च तर सगळ्यांत आधी वाचवला जातो. 2020 मधला पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या नियमांचा, मसुदा हिंदी-इंग्रजीत काढून केंद्राने देशभरातून हरकती मागवल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 ला मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाव असलेल्या भाषांमध्ये मसुद्याचं भाषांतर करायला सांगितलं. ज्या गावाशेजारी खाण किंवा धरण होणार त्या गावाला मसुदा वाचताच आला नाही, तर तिथून हरकती न येणं म्हणजे संमती ठरत नाही. केंद्राच्या 2014 च्या कायदापूर्व विचारविनिमय धोरणात मसुदा निदान 30 दिवस खुला ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा, असं म्हटलेलं आहे. माझ्या मते त्यातला सारांशाचा भाग 30 दिवसांपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि पाळला जातोय का हे तपासायलाही तोच सोपा. एखाद्या सर्वेक्षणावर खरंच किती गेले हे हवं असेल तर माहिती अधिकारात एकूण रक्कम विचारून थांबू नका. जाहिरात, भाषांतर आणि विश्लेषण यांचे आकडे वेगवेगळे मागा, आणि कोणत्या भाषेत किती उत्तरं आली हेही. विश्लेषणासमोर शून्य किंवा किरकोळ रक्कम दिसली की तुमच्या दुसऱ्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतील.

आता फॉर्म भरावा का? भरा, पण मोजलं जायला नको, वाचलं जायला भरा. व्हॉट्सॲपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवून पाठवला तर वर्गवारी करणारा तसे सगळे एका गठ्ठ्यात टाकतो आणि त्यावर ‘एकसारखी पत्रं, इतकी’ अशी चिठ्ठी लावतो. मीही तेच करायचो, दुसरं काही करणं शक्यच नसतं. तुमचं पत्र गठ्ठ्याबाहेर ठेवायचं असेल तर पहिल्याच ओळीत कलम क्रमांक लिहा, मग त्या कलमाने तुमच्या कामात किंवा गावात नेमकं काय अडेल ते, आणि शेवटी त्या जागी कोणता शब्द किंवा कोणती मुदत हवी ते. कायद्याची भाषा लागत नाही. पानभर पुरतं. आणि पाठवल्याची पोच जपून ठेवा, सारांश प्रसिद्ध झाला तर आपला मुद्दा त्यात आहे का हे बघता येईल, नसेल तर विचारता येईल.