केनेडी इन्स्टिट्यूटला जायचंय, पण अर्ज कुठे करायचा?

प्रश्न : मी साताऱ्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ एथिक्समध्ये बायोएथिक्स, म्हणजे वैद्यक आणि जीवविज्ञानातले नैतिक प्रश्न, शिकायचंय. बाबा म्हणतात, नोकरी कोण देणार?

उत्तर : बाबांच्या प्रश्नाकडे येतेच. आधी एक घोळ निस्तरू. १९७१ साली सुरू झालेली ही संस्था मुख्यतः संशोधनाची. बायोएथिक्सवर पीएचडी करायची तर अर्ज जातो तत्त्वज्ञान विभागाकडे आणि पदवीही तत्त्वज्ञानाचीच मिळते.

अमेरिकेत अशा पीएचडीला बहुधा फी माफ आणि वर स्टायपेंड, त्यामुळे चुरस जबर. खरी कसोटी रायटिंग सॅम्पलची, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या निबंधाची, आणि आपली मुलं मार खातात ती इथेच. तत्त्वज्ञ कांट काय म्हणाला, मिल काय म्हणाला आणि शेवटी 'दोघांतही तथ्य आहे'. या परीक्षेच्या नोट्स झाल्या! त्यापेक्षा एकच पेच धर. समजा, औषधचाचणीला येणाऱ्या मजूर बाईचा रोज ४०० रुपये आहे आणि तिला खेपेला २,००० मिळणार आहेत. ही बुडालेल्या रोजाची भरपाई, की धोक्याकडे काणाडोळा करायला लावणारं आमिष? आणि रक्कम ४०० वर आणली, तर गरिबाचा देह स्वस्तात वापरला असं होत नाही का? तुझी बाजू, तिच्यावरचा सगळ्यात कडक आक्षेप आणि त्याला तुझं उत्तर, एवढंच लिही.

आता नोकरी. भारतात २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत, म्हणजे अशा औषधचाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीत, किमान ७ सदस्य लागतात. त्यातली एक जागा समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, एथिसिस्ट अशांपैकी कुणाला तरी मिळते. पण तिथे मिळालं तर बैठकीपुरतं मानधन. पगार असतो कमिटीच्या ऑफिसात : कागदपत्रं तपासणं, इतिवृत्त लिहिणं, मराठी संमतीपत्र मूळ मसुद्याशी ताडून बघणं. त्यात 'यादृच्छिक पद्धतीने औषध दिले जाईल' असं वाक्य आलं, तर पेशंटला काय कळणार? 'कुठलं औषध मिळेल ते नाणेफेकीसारखं ठरेल' असं हवं. ही नजर तत्त्वज्ञानवाल्यांकडे असते, तरी या जागांवर फार्मसी किंवा लाइफ सायन्सवाल्यांना आधी घेतात. नुसत्या बीएवर दार उघडणं कठीण.

म्हणून एमए कर. सोबत मुंबईहून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' वाचत जा, ऑनलाइन फुकट आहे. मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठाच्या सेंटर फॉर एथिक्सची बायोएथिक्सची पदव्युत्तर पदविकाही बघून ठेव. मात्र तत्त्वज्ञानाच्या पदवीवर प्रवेश मिळतो का, हे फी भरण्याआधी ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव.