ठाण्यातून ६ इंची दुर्बिणीतून गॅस्प्रा लघुग्रह दिसेल का?
नुसता डोळा लावून नाही. गॅस्प्रा जेमतेम १८ किमी लांबीचा दगड, म्हणजे ठाणे-वाशी लोकलच्या पल्ल्याएवढा. आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला तरी साधारण १३-१४व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं अंधुक). घोडबंदरच्या झगमगाटात १२वी प्रत दिसली तरी खूप झालं.

कॅमेरा जोडा. १०-१५ सेकंदांचे ४० फोटो काढून एकत्र करा, तासाभराने पुन्हा तेच. दोन्ही चित्रं आलटूनपालटून बघा: ताऱ्यांमधून अर्ध्या कलेहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जरा जास्त सरकलेला ठिपका, तोच तो. मागोवा घेणारी मोटर नसेल तर तारे रेघाळतात आणि ठिपका हरवतो. खड्डे-बिड्डे दिसणार नाहीत, ते १९९१ मध्ये जवळून गेलेल्या गॅलिलिओ यानाला दिसले. दुर्बिणीला डोळा लावूनच बघायची हौस असेल तर लघुग्रहांच्या त्याच कुळातली फ्लोरा शोधा, ती बरीच तेजस्वी आहे.