वाचकांचे प्रश्न : सिनेमा, सभा आणि मुलीचे शिक्षण

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेते आणि वसतिगृहात राहते. तिच्या विभागात ‘सामना’ दाखवला गेला आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगली. तेव्हापासून ती एका विद्यार्थी संघटनेच्या सभांना जाऊ लागली आहे. “तुला शिकायला पाठवले आहे, राजकारण करायला नाही,” असे तिच्या वडिलांनी फोनवर सुनावल्यापासून दोघांचे बोलणे बंद आहे. मी काय करावे?
— एक आई, कराड

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. आवारात हाणामारी झाली आणि पोलिसांत नाव गेले, तर त्याची झळ पुढे नोकरीपर्यंत पोहोचते आणि ती सोसावी लागते विद्यार्थ्याला; त्याला सभेला बोलावणारे तेव्हा जवळ असतीलच असे नाही. मात्र सिनेमा पाहून वाद घालणारी मुलगी उद्या या वाटेला जाईलच, असे धरून चालणे मला मान्य नाही.

जब्बार पटेल यांचा हा चित्रपट विजय तेंडुलकरांनी लिहिला आणि 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला. साखर कारखान्याच्या जोरावर सारा परिसर मुठीत ठेवणारा हिंदुराव (निळू फुले) आणि त्याला प्रश्न विचारत राहणारा मास्तर (डॉ. श्रीराम लागू) यांची ती झुंज आहे. मी तो महाविद्यालयात असताना पाहिला. सोळा मिलिमीटरचा एकच प्रोजेक्टर असल्यामुळे रीळ संपले की दिवे लागत आणि दुसरे रीळ चढेपर्यंत बाकांवर वाद पेटे. आम्ही शहरातली मुले मास्तरांच्या बाजूने तावातावाने बोलत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी कधी न बोलणारा एक मित्र उभा राहिला आणि म्हणाला, “आमच्या गावात असाच एक हिंदुराव आहे. पण माझी फी कारखान्यानेच भरली आहे. आता सांगा, मी कोणाच्या बाजूने बोलू?” कोणालाही उत्तर देता आले नाही. दिवे मालवले, दुसरे रीळ सुरू झाले, पण माझे लक्ष पडद्यावर लागेना. सत्ता उपकार करते आणि त्या उपकारांनीच तोंड बंद करते, हे मला कोणत्याही तासाला इतके नीट उमगले नव्हते. तुमच्या मुलीलाही त्या रात्री असेच काही गवसले असेल, तर तिने खरोखर विद्यापीठात प्रवेश घेतला, असे मी म्हणेन.

म्हणून सभांना जाऊ नकोस असे सांगण्याआधी, त्या सभांत काय चालते ते तिला विचारा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, मेसची डाळ पातळ होत चालली आहे, ग्रंथालय रात्री लवकर बंद होते, असे विषय निघत असतील, तर ते तिच्या शिक्षणाचेच प्रश्न आहेत. मात्र न वाचलेल्या निवेदनावर सही करायची नाही, हजेरी आणि परीक्षा सांभाळायच्या, आणि विरुद्ध मताच्या मैत्रिणीशी बोलणे तोडायचे नाही, या तीन गोष्टी तिच्याकडून कबूल करून घ्या. तिच्या वडिलांना मी एवढेच सुचवेन की, सुट्टीत ती घरी आली म्हणजे तोच चित्रपट तिच्याशेजारी बसून पाहावा. कराडच्या माणसाला कारखान्याचे राजकारण समजावून सांगावे लागत नाही. उलट तिला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्याकडे असतील आणि अबोला तिथेच सुटण्याचा संभव आहे.

प्रश्न : आम्ही अठराव्या वर्षी खासदार निवडतो, मग वर्गप्रतिनिधी का निवडू शकत नाही?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मतदानाचे वय 1989 साली एकवीसवरून अठरावर आले आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, 1994 च्या विद्यापीठ कायद्याने, महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांतल्या हिंसेला सारेच विटले होते, हे कारण खरे होते. तरीही तो उपाय मला कधीच पटला नाही, कारण पहिला नंबर काढणाऱ्याला वर्गाचे गाऱ्हाणे प्राचार्यांपुढे मांडता येईलच असे नाही आणि त्याला कोणी मत दिलेले नसल्यामुळे वर्गाला त्याच्याकडे जाबही मागता येत नाही. पैसा आणि दांडगाई आवरण्याचा मार्ग लिंगडोह समितीने 2006 साली दाखवला होता : उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त पाच हजार रुपये, छापील फलकांना मनाई, किमान 75 टक्के हजेरी आणि सारी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण. सर्वोच्च न्यायालयाने या शिफारशी लागू केल्या आणि राज्याच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेही निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली. तेव्हा प्राचार्यांना लेखी अर्ज देताना या कायद्याचा आधार घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. दरम्यान, वसतिगृहाची मेस समिती तरी मतदानाने निवडा आणि महिनाअखेरीला भाजी-किराण्याचा हिशेब सर्वांसमोर वाचायला लावा.