‘चार वर्षांचं फुल फंडिंग’ मानववंशशास्त्राच्या पीएचडीला पुरतं का?

चार वर्षांच्या फंडिंगचं पत्र आलंय, तेवढ्यात मानववंशशास्त्राची पीएचडी होईल का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही होणार. प्रश्न रकमेचा कमी आणि ती कुठल्या वर्षी मिळते याचा जास्त आहे.

या विषयात साधारण वर्षभर तरी फील्डवर, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या लोकांमध्ये, राहावं लागतं. त्याआधी भाषा शिकणं, परवानग्या, एथिक्स कमिटीची मंजुरी. लिहायला बसेपर्यंत चौथं वर्ष संपत आलेलं असतं. माझं विद्यावेतन वर्गात शिकवण्याच्या बदल्यात होतं, हे पत्रात लिहिलेलं असूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. फील्डवर गेलो, शिकवणं थांबलं आणि पैसेही थांबले. म्हणून विभागाला आधी हे विचारा: फील्डवर्कच्या वर्षी विद्यावेतन चालू राहतं का, आणि त्या वर्षीही फी भरावी लागते का? उत्तर ईमेलवरच घ्या.

फील्डवर्कसाठी बाहेरून पैसा मिळतो. १९४१ साली स्थापन झालेल्या वेनर-ग्रेन फाउंडेशनचं प्रबंधासाठीचं अनुदान २५,००० डॉलरपर्यंत असतं आणि त्याला नागरिकत्वाची अट नाही. ही सवलत मोठी आहे, कारण फुलब्राइट-हेज ही अमेरिकी योजना तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच खुली असते. मात्र वेनर-ग्रेनच्या पैशातून फी भरता येत नाही.

माझा पहिला अर्ज (कुठे केला होता ते राहू द्या) नाकारला गेला, आणि बरोबरच होतं. ‘या समाजावर फारसं काम झालेलं नाही’ एवढाच माझा मुद्दा होता. काम झालेलं नाही अशा गोष्टी ढीगभर असतात. आपल्या कामामुळे विषयातल्या कुठल्या वादात काय फरक पडेल, हे परीक्षकांना हवं असतं. दुसऱ्या वेळी जागा तीच, माणसं तीच ठेवली, फक्त प्रश्न बदलला आणि अनुदान मिळालं. निकालाला काही महिने लागतात, त्यामुळे निघायच्या वर्षभर आधी तयारीला लागा.

जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे इथे पीएचडीची जागा अनेकदा चक्क पगारी नोकरी असते. पण ती गाईडच्या प्रकल्पातली असेल, तर विषयही बराचसा त्यांचाच.

सगळ्यात कोरडं वर्ष लिहिण्याचं. त्यासाठीच्या फेलोशिप थोड्या आणि रांग लांब. विभागातल्या पाचव्या-सहाव्या वर्षाच्या दोघा-तिघांना गाठा आणि सध्या भाडं कशातून भरता, एवढंच विचारा.